ओवळ्याच्या वाटेवर मैना ठेचकाळली तेव्हा

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या नावात घोडा आहे, हे त्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. खाडीतून इथं अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. पुढं पोर्तुगीजांचा किल्ला आहे, तो मराठ्यांनी १७३७ साली घेतला. आता तिथल्या रस्त्यावर घोडा दिसला तर तो नवरदेवाचाच.

तरी कासारवडवली सोडून ओवळ्याच्या बाजूला आत वळलं की एक-दोन तबेले आहेत. आम्ही जातो तो छोटासा आहे, नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढं थोडी तक्रारही आहे. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, सकाळी सव्वासहा. मी, माझी वहिनी आणि सोबत तबेल्यातले मामा. वाट तशी सोपी: भातशेताच्या कडेनं कच्चा रस्ता, मग थोडा चढ, मग खाडी दिसते. कापणी अर्धी झालेली. पुढं तिवरांकडे उतरू नका. खाजणातला चिखल वरून सुकलेला दिसतो, पण घोड्याचा पाय आत जातो.

घोडी रोजचीच, मैना. चढापर्यंत छान चालली. सपाटीवर मी तिला दुडकीवर घेतलं. पावसाळ्यात डंपरच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या तिथं सुकून दगडासारख्या झाल्या होत्या, वर गवत. मैनाचा पुढचा डावा पाय अडकला आणि माझ्यासमोरून तिची मान एकदम गायब झाली. घोडी गुडघ्यांवर.

मी काय केलं? दोन्ही हातांनी लगाम ओढला. नवशिका तेच करतो आणि चार वर्षं घोड्यावर बसणारी मीही तेच केलं. मामा मागून ओरडले, "ताई, मान द्या! मान द्या तिला!"

घाईत मला वाटलं, मानसन्मानाचं काहीतरी बोलतायत. त्यांना म्हणायचं होतं की लगाम ढिला सोडा. घोडा तोल सावरतो तो डोकं आणि मान वापरून. आपण तोंड वर खेचलं तर त्याचा तोलाचा काटाच आपण धरून ठेवतो. आपण करायचं एवढंच: हात पुढं सोडायचे, धड मागं ठेवायचं, टाचा खाली, आणि घोड्याला उठू द्यायचं. पडायचीच वेळ आली तर पाय रिकिबीतून काढायचे आणि लगाम हातातून जाऊ द्यायचा. घोडा पळाला तरी सापडतो, पण लगाम धरून फरफटत जाण्यात शहाणपण नाही.

मैना उठली. मी पडले नाही. आणि खरी चूक यानंतर झाली. वहिनी बघतेय, मामा बघतायत, म्हणून लाजेपोटी मी "काही नाही झालं" म्हणत पुन्हा दुडकी सुरू केली. दहा-बारा पावलांत मामांनी थांबवलं. "उतरा. आधी उतरा."

तेव्हा मामांनी केलं ते आता मी दर वेळी करते. आधी घोड्याला एक-दोन मिनिटं नुसतं उभं राहू द्यायचं. दोन्ही गुडघे बघायचे. मैनाचा डावा गुडघा खरचटला होता, लाल मातीत केस चिकटलेले, रक्त थोडंच. रक्तापेक्षा सांध्याच्या जवळच्या जखमेला घाबरायचं. जखम टाचणीच्या टोकाएवढी असली आणि त्यातून पिवळसर, चिकट, अंड्याच्या पांढऱ्यासारखा द्रव येत असला, तर सांधा उघडा पडलेला असू शकतो. मग चालवायचं नाही, थेट पशुवैद्य. मैनाला तसं काही नव्हतं. सलाइनची बाटली मामांच्या पिशवीत होती, त्या पाण्यानं हलकेच धुतलं. वहिनीनं प्रेमानं हळद सुचवली. नको. हळद, तेल, पावडर काही लावलं की डॉक्टरला खाली काय आहे ते दिसत नाही.

मग चारही खूर उचलून बघायचे. खूर साफ करायच्या आकड्यानं माती काढली तर डाव्या पुढच्या खुरात, मधल्या मऊ त्रिकोणी भागाशेजारी, सुपारीएवढी खडी अडकलेली. आणि नाल हलतोय. खिळ्यांची टोकं खुराच्या बाहेरच्या भिंतीतून वर आलेली, खुराचा पुढचा भाग चपलेसारखा वाढलेला. घोडं इथंच पेंड खात होतं! नाल साधारण सहा ते आठ आठवड्यांनी काढून, खूर कापून पुन्हा बसवावा लागतो. मैनाचे अकरा आठवडे झाले होते, हे मला नंतर कळलं. नालबंद येतो-येतो म्हणत राहिला आणि तबेल्यानंही घोडी दिली. पुढचा भाग लांब झाला की पाय उशिरा उचलला जातो आणि घोडा अडखळतो. चाकोरी निमित्त झाली.

म्हणून बसण्याआधीच नाल बघा आणि "शेवटचा नाल कधी मारला?" असं सरळ विचारा. उत्तर तारखेत आलं पाहिजे.

लंगडणं तपासायचं तर घोडा कडक, सपाट जमिनीवर, सरळ रेषेत, लगाम ढिला धरून दुडकीवर न्यायला सांगायचं आणि डोक्याकडे बघायचं. पुढचा दुखरा पाय टेकतो तेव्हा डोकं वर जातं, चांगला टेकतो तेव्हा खाली येतं. मैनाचं डोकं डावा पाय टेकताना किंचित वर जात होतं. मला दिसलं नसतं, मामांनी बोटानं ताल धरून दाखवला. खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही बाजूंना बोट ठेवलं की नाडी लागते, एरवी अगदी पुसट. ती ठणठण उडत असेल, खूर दुसऱ्यापेक्षा गरम असेल, तर आत दुखतंय. जबड्याच्या कडेखालची नाडीही मोजावी: पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असते, घाबरल्यावर वाढतेच, पण थोड्या वेळात उतरली पाहिजे.

परतीचे दोन किलोमीटर मी चालत आले, मैनाला हातात धरून, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करून. तबेल्यात पाय वीस मिनिटं गार पाण्याखाली धरला, जखमेवर जोराची धार न मारता. वेदनाशामक परस्पर देऊ नका, त्यानं लंगडणं झाकलं जातं. सूज बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दिसते, म्हणून सोमवारी सकाळी पुन्हा हात फिरवायचाच. मैनाचा तळवा खडीनं दुखावला होता. पशुवैद्यांनी तीन आठवडे सुट्टी दिली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

माणसाचंही बघा. खरचटलं असेल आणि शेवटचा धनुर्वाताचा डोस पाच किंवा त्याहून जास्त वर्षांपूर्वीचा असेल तर डॉक्टरकडे जा, तबेल्याची माती आहे ती. डोक्यावर आपटलं असेल तर हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. उलटी, गरगरणं, गोंधळ यातलं काही असेल तर १०८. जनावराच्या डॉक्टरसाठी १९६२ हा नंबर फोनमध्ये ठेवा. मोठं दुखणं असेल तर परळचं बाई साकरबाई जनावरांचं हॉस्पिटल आहे, पण घोडा तिथं न्यायला वाहन लागतं, ते आधी विचारून ठेवलेलं बरं.

आणि रविवार असला तरी नऊच्या आत रोडला लागा. त्यानंतर ओवळ्याहून ठाणे स्टेशनला रिक्षावाला आधी डोक्याला हात लावतो, मग मीटरला.