गवारीची बीजांडं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवताना: माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रकल्पाला मी अपकेंद्री बल, म्हणजे फिरताना बाहेरच्या बाजूला ढकलणारं बल, घेतलं. कोवळं बीजांड जोरात फिरवलं, तर पेशीतला ऐवज कुठे सरकतो? व्हिटेकर यांनी १९३७ मध्ये फ्यूकस या समुद्री शैवालाची अंडी अशी फिरवून त्यांची ध्रुवता, म्हणजे कुठलं टोक कशात वाढणार हे, ठरवता येते, असं दाखवलं होतं. ते अंडं पाण्यात सुटं असतं. सपुष्प वनस्पतीचं अंडं भ्रूणकोश नावाच्या पिशवीत, भ्रूणकोश बीजांडात आणि बीजांड शेंगेत दडलेलं. सोलापुरात फ्यूकस कुठून आणणार? गवार मात्र हवी तेवढी.

मंडईतली गवार उपयोगाची नाही, कारण तिचं वय कळत नाही. कुंभारीकडे मामांच्या रानात गेले. गवारीचा तुरा खालून वर फुलत जातो, म्हणजे वयाचा क्रम झाडावरच मिळतो. तरी रोज सकाळी उमललेल्या फुलांना वेगवेगळ्या रंगाचे धागे बांधले. शेजारच्या यंत्रमागवाल्या काकांनी चादरीच्या सुताचे तुकडे दिले होते. पावसातही रंग उतरला नाही.

सगळ्यांत जास्त वेळ गेला दिशा सांभाळण्यात. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बीजांडद्वार कुठल्या बाजूला होतं ते वहीत नसेल, तर निष्कर्ष मी वाचणारसुद्धा नाही." बीजांडद्वार म्हणजे बीजांडाच्या आवरणातलं बारीक छिद्र. गवारीत ते बीजांडाच्या देठाजवळच असतं, म्हणून देठ बघून दिशा कळते. बहुतेक सपुष्प वनस्पतींत अंडपेशीची मोठी रिक्तिका (रसाची पोकळी) बीजांडद्वाराकडे आणि केंद्रक विरुद्ध टोकाला असतं. दिशा महत्त्वाची ती यासाठीच. बीजांडं पातळ अगारमध्ये, म्हणजे जेलीसारख्या पदार्थात, रोवली: काहींचे देठ नळीच्या तळाकडे, काहींचे तोंडाकडे. तेवढीच बीजांडं अगारमध्येच, पण न फिरवता टेबलावर ठेवली.

आमच्या जुन्या यंत्रावर फक्त मिनिटाचे फेरे दिसतात. बल काढायचं तर त्रिज्या सेंटिमीटरमध्ये मोजून ०.००००१११८ × त्रिज्या × फेऱ्यांचा वर्ग, हे सूत्र. आमचा रोटर (नळ्या धरून फिरणारा भाग) झुलता, म्हणजे फिरताना नळ्या आडव्या होतात, म्हणून नळी आडवी धरून पट्टीने तळापर्यंत मोजलं: १५ सेंटिमीटर. मिनिटाला २००० फेऱ्यांना सुमारे ६७० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ६७० पट. फेरे दुप्पट केले की बल चौपट होतं. अहवालात नुसते फेरे लिहिले, तर दुसऱ्या यंत्रावर कुणाला तोच प्रयोग करता येणार नाही.

फिरवून झाल्याबरोबर बीजांडं फॉर्मॅलिन, ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात टाकली; त्यात पेशी मरतात, पण आहेत तशा टिकतात. त्यांच्या पातळ कापांवर आयोडीन घातलं, आणि बीजांडाच्या आवरणातल्या पेशींत निळे-काळे स्टार्चकण नळीच्या तळाकडच्या पेशीभिंतीशी गोळा झालेले दिसले. देठ कुठल्याही दिशेला असो, कण त्याच बाजूला. टेबलावरच्या बीजांडांत ते विखुरलेले होते. काय आनंद झाला होता!

काही बीजांडं गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून भ्रूण हलकेच दाबून बाहेर काढले. गोल भ्रूण आणि त्याला धरून ठेवणाऱ्या निलंबकाच्या पेशी न फिरवलेल्यांसारख्याच दिसल्या. यावरून वाढीवर परिणाम होत नाही, असं मी लिहिलं नाही. फिरवल्यावर लगेच मारलेल्या पेशी पुढच्या विभाजनाबद्दल काय सांगणार? त्यासाठी फिरवलेली बीजांडं पोषक माध्यमात जिवंत वाढवावी लागतील. आता तेच शिकते आहे.