अम्बेसेडरचं स्टेअरिंग अन् बाबांचा खांदा

आज रविवार. सकाळी साडेसहाला गाडी अंगणात जॅकवर चढवली ती दुपारी दोनला खाली आली. महिनाभर डोक्यात जो घोळ चालू होता तो बराचसा सुटला, विसरायच्या आत लिहून ठेवतो.

गाडी म्हणजे आमची १९७४ ची अम्बेसेडर, मार्क टू. धामणगावच्या एका जिनिंगवाल्याकडून बाबांनी घेतली तेव्हा मी दुसरीत होतो. आर्वीचा बाजार, लग्नं, दवाखाना, सगळं हिच्यावरच झालं. दसऱ्याला देवळापुढं गाडी वळवताना बाबांनी स्टेअरिंग अर्धं फिरवलं अन् थांबले. डावा खांदा आखडलाय त्यांचा, हात वर जातच नाही. काही बोलले नाही, दार उघडून उतरले अन् फिरून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. घरापर्यंत मी चालवत आणली, रस्ताभर दोघंही गप्प. त्या रात्रीच ठरवलं, काही पण करायचं पण गाडीला पॉवर स्टेअरिंग बसवायचं.

मग विचारपूस सुरू. शेवटच्या काळातल्या काही अम्बेसेडरला कंपनीनंच पॉवर स्टेअरिंग दिलं होतं, म्हणून वाटलं सोपं असेल. सोपं नाही. ते हायड्रॉलिक, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर पंप, तेलाची टाकी, नळ्या, रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) वेगळा. आपलं इंजिन १४८९ सीसीचं, जुनं, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत तसंच तापते, त्याच्यावर आणखी एक पंप लटकवायचा जीवावर येते. दुसरा उपाय इलेक्ट्रिकचा. नागपूरला भंगारात नव्या छोट्या गाड्यांचे मोटरवाले कॉलम (स्टेअरिंगचा उभा दांडा) मिळतात, कितीतरी लोक ते जुन्या जीपला बसवतात. पण आमच्या गाडीचा गियरचा दांडा स्टेअरिंगच्या कॉलमवरच आहे! कॉलम बदलला की गियरचं सगळं जोडकाम नव्यानं करा. अन् ती मोटर जागेवर चाक वळवताना एवढा करंट ओढते की आपल्या वीस-बावीस अँपियरच्या डायनमोचा जीव निघेल, म्हणजे जास्त करंट देणारा अल्टरनेटर पण आला. एका पोट्ट्यानं सगळं मिळून अठ्ठावीस हजार सांगितले. खरं सांगतो, मी तयार झालो होतो. पैशाचं काय, कापूस निघूनच राहिला आहे.

आमचे आर्वीचे मिस्त्री अडवून बसले. म्हणाले, "भाऊ, पहिले हे पाहा का जड कायच्यानं झालं. अम्बेसेडरले रॅक-पिनियन हाय, जीपसारखा स्टेअरिंगचा बॉक्स नाही. चांगल्या हालतीत हे एवढं जड नसते." तेच आज सकाळी आले.

समोरची दोन्ही चाकं उचलली तरी स्टेअरिंग जडच. म्हणजे नुसतं टायरचं अन् वजनाचं काम नाही, अडकण आतच कुठंतरी. मग रॅकपासून चाकांना जाणारे दोन्हीकडचे टाय रॉड सोडले अन् एकेक चाक हातानं फिरवून पाहिलं. डावं बऱ्यापैकी फिरलं. उजवं इतकं घट्ट की मला गुडघा लावावा लागला. त्या बाजूच्या किंगपिनचं (चाक ज्या खुंटीवर वळते ती) ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, मातीनं बुजलेलं, ग्रीसची गन लावली की ग्रीस बाहेरूनच ओघळून जायचं, आत थेंब नाही. किती वर्षं आम्ही गनचे चार दट्टे मारून "झालं ग्रीसिंग" म्हणत होतो देव जाणे. मिस्त्रींनी निपल काढून नवं लावलं, डिझेल सोडलं, चाक अधांतरीच ठेवून हळूहळू गन मारत राहिले, वजन असलं की ग्रीस जिथं पाहिजे तिथं शिरत नाही म्हणे. आधी काहीच नाही. मग फटीतून काळी, वाळलेली ढेप निघाली, आपल्या वावरातल्या भेगाळल्या मातीसारखी, मग राखाडी, मग तपकिरी, अन् शेवटी स्वच्छ पिवळं ग्रीस सुतासारखं चहूकडून बाहेर आलं. मी पायावर बसून ते पाहतच राहिलो. त्यानंतर चाक एका हातानं फिरलं.

रॅकवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, एका बाजूचा फाटलेला होता, तेल केव्हाच गळून गेलं अन् आत धूळ. तो बदलला, तेल भरलं. उजव्या पुढच्या टायरमध्ये हवा अठरा पौंडच निघाली, तेही एक कारण होतंच.

अन् माझा विचार तिथंच फिरला. समजा मी ती मोटर बसवली असती, तर तिनं हाच घट्ट किंगपिन जोर लावून फिरवला असता, आम्हाला कळलंही नसतं, अन् तो सगळा जोर पन्नास वर्षांच्या रॅकच्या दातांवर गेला असता. दुखणं तसंच राहतं, फक्त हाताला समजत नाही.

बाबा बाजेवर बसून सगळं पाहत होते. मी त्यांना सरळच विचारलं, बाबा, तुम्हाला पॉवर स्टेअरिंग पाहिजे का? म्हणाले, "मले हाताले रस्ता समजला पाह्यजे. पावसाळ्यात चाक चिखलात सरकलं का मले डोळ्याच्या पहिले हातात समजते. थे गेलं तर मी गाडी कायले चालवू?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. वळण घेऊन हात सैल सोडला की स्टेअरिंग आपोआप हातातून सरळ होते, ते पण त्यांना पाहिजे. जुन्या गाडीवर मोटर लावली की तो परतावा बोथट होतो असं जीपवाले पण सांगतात.

विंटेज नंबरचं पण विचारलं होतं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमानं तो मिळतो, पण मग रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. आमची बाजाराला जाणारी गाडी आहे, तो विषय तिथंच संपला.

तर सध्या मॅन्युअलच. तरी खांदा हे खरं कारण आहेच, ते मी विसरत नाही. डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम करून उन्हाळ्यापर्यंत हात वर गेला नाही तर पुन्हा मोटरचा विचार करीन, पण सगळे जोड ठणठणीत झाल्यावर, अन् गियरचा दांडा न हलवता होत असेल तरच.

दुपारी बाबांनी स्वतः गाडी काढली. कडुनिंबाखालून मागे घेताना मी म्हटलं, उभ्या गाडीत फिरवू नका, थोडी सरकती ठेवा. "मले शिकवतं का बे," म्हणाले, पण ठेवली सरकती. उजव्या हातानं ओढत, डाव्यानं नुसतं धरत, दोन टप्प्यात वळवली अन् फाट्यापर्यंत जाऊन आले.

डाव्या बाजूचं वरचं निपल अजून ग्रीस घेत नाही. मिस्त्री परवा नवं घेऊन येतात, मग गुरुवारी अमरावतीला चाकांची अलाइनमेंट.