स्क्रीनवर ११०, मग डबा का निघत नाही?

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीतले असोत की शहापूरच्या मागावरचे, खांद्याचं ऑपरेशन झालेले सगळे हेच विचारतात: "मॅडम, दंडाला सेन्सर बांधून हात वर उचलला की स्क्रीनवर ११० अंश येतात, मग फळीवरचा डबा का निघत नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते.

दंडावरचा एकटा सेन्सर खांदा मोजतच नाही. दंड उभ्या रेषेपासून किती कलला, एवढंच त्याला कळतं. तुम्ही कमरेतून उलट्या बाजूला झुकलात तरी आकडा चढतो. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० पैकी साधारण १२० अंश सांध्याचे आणि ६० पाठीवरच्या फऱ्याचे, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाचे. सांधा आखडला की फरा आधीच वर सरकतो, आणि आकडा त्यानेही चढतो.

एका पेशंटचा आकडा रोज वाढत होता: ७०, ९०, ११०. शाबासकी मीच देत होते. एका संध्याकाळी स्क्रीन बंद केली, शर्ट काढायला लावला आणि मागे उभी राहिले. खांदा कानाला भिडलेला, धड डावीकडे कललेलं. छातीच्या मधल्या हाडावर दुसरा सेन्सर लावून धडाचा कल वजा केला, तर ८० उरले. त्यातही फऱ्याची उचल होतीच. आकडा म्हणजे प्रगती, असं तेव्हा मी ठासून सांगत होते. ते चूक होतं.

म्हणून यंत्र फेकायचं का? मुळीच नाही. पट्टा कोपराच्या चार बोटं वर, बाहेरच्या बाजूला बांधा. त्याहून वर स्नायू फुगतो आणि सेन्सर सरकतो. शून्य करताना हात खाली सोडून ताठ, स्थिर उभे राहा. तेव्हाच वाकडे असाल तर पुढचं सगळं मोजमाप वाकडं. लोखंडी कपाटाजवळ करू नका, सेन्सरमधला होकायंत्राचा भाग बहकतो. सुरुवातीला प्रत्येक उचलीला स्क्रीन बघा, मग पाच उचलींनंतर एकदा, मग फक्त शेवटी. नाहीतर स्क्रीन बंद होताच हात पुन्हा जुन्या वाटेने जातो.

लांब जांबोटीहून आठवड्यातून एकदाच येणाऱ्या पेशंटचं काय करावं, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. आकडा नसला तर व्यायाम सुटतो, असला तर कंबर झुकते. सध्या त्याला दोन्ही सेन्सर देते, आणि घरातल्या कुणाला तरी मागे उभं राहून खांदा कानाकडे जातो का ते बघायला सांगते.