तोंडात नळी

आमच्या घरात एका वेळी एकच माणूस बोलतोय, असं सहसा घडत नाही. मी वाक्य सुरू करते, आई ते पूर्ण करते, नवरा त्याला फाटा फोडतो, लेक ‘तसं नाहीये ते, आजी’ म्हणते आणि आठ वर्षांचा धाकटा मधूनच कुठलातरी भलताच विषय काढतो, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही. मेक्सिकोत, युकातानच्या जंगलात एक अख्खा दिवस तारेवरून घसरायचं आणि मग गुहेतल्या पाण्यात पोहायचं, असं ठरलं तेव्हाही पाच माणसांची सात मतं होती. आई म्हणाली, ‘‘मी आपली खाली बसून तुमचं सामान सांभाळते.’’ सामानासाठी तिथे लॉकर निघाले. आईची सबब गेली.

झिपलाइनला आधी वजनकाटा लागतो. तोही चारचौघांत. नवऱ्याने मोबाइल, पाकीट, पट्टा आणि शेवटी रुमालसुद्धा काढून बाजूला ठेवला. रुमालाने काय फरक पडणार होता देव जाणे. पण एक गोष्ट त्या दिवशी कळली : आयुष्यात इतर कुठेही खाली मान घालायला लावणारा तो आकडा तारेवर भाव खाऊन जातो. तार उताराची असली तरी मधे तिला झोळ असतो. पहिल्या अर्ध्यात वेग घ्यायचा आणि त्या जोरावर शेवटचा टप्पा गाठायचा, असा हिशेब. वारा सगळ्यांनाच अडवतो, पण जड माणूस त्याला जुमानत नाही. हलकं माणूस जुमानतं.

नवरा गेला तो तोफेतून सुटल्यासारखा. उजव्या हातात चामड्याचा जाड मोजा असतो. थांबायच्या वेळी कप्पीच्या मागे, तारेवर तो हात दाबायचा; पुढे चुकूनही नाही. हे त्याला तीनदा सांगितलं होतं. त्याने हात दाबला, पण समोरच्या मचाणावरच्या मुलाचे डोळे मोठे झाल्यावर. आई मात्र गाइडच्या पुढ्यात बसून, डोळे मिटून गेली आणि उतरल्यावर म्हणाली, ‘‘झालं? एवढंच?’’ खरं आहे. अर्धा तास रांग, पंधरा मिनिटं पट्टे आवळणं, जिने चढून पोटऱ्या दुखेपर्यंत वर जाणं आणि मग अर्धं मिनिट हवेत. लग्नाच्या मुहूर्तासारखंच.

धाकटा अडकला. एक तर पिसाएवढा, त्यात घाबरून हात लवकर दाबला. अगदी मधोमध, झाडांच्या शेंड्यांवर, ओल्या शर्टासारखा लोंबकळत राहिला. आम्ही चौघं दोन्ही मचाणांवरून ओरडून त्याला चार वेगवेगळ्या सूचना देत होतो. तोही काहीतरी ओरडत होता, पण ते कोणाला ऐकू येत होतं! शेवटी एक गाइड तारेवर हाताने स्वतःला ओढत गेला आणि त्याला घेऊन आला. ‘‘आई, तिथे ना एक पक्षी...’’ तो सांगू लागला. ‘‘आधी पाणी पी,’’ मी म्हटलं.

वरून मी एक गोष्ट पाहिली होती. नजर पोचेल तिथवर सपाट हिरवं, आणि त्यात पाण्याची एक रेघ नाही. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नद्याच नाहीत. पाऊस चिकार, पण जमीन चुनखडीची. पाणी मुरतं आणि मुरता मुरता दगड विरघळवत जातं. नद्या सगळ्या खाली, अंधारात. जिथे गुहेचं छत कोसळतं तिथे वरून विहिरीसारखं तोंड दिसतं. माया लोकांचा त्याला शब्द ‘त्सोनोत’. स्पॅनिश जिभेवर त्याचं झालं ‘सेनोते’. यातल्या साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन गुहा एकमेकींना जोडलेल्या आहेत हे २०१८ मध्ये गुहांत बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांना सापडलं, तेव्हा ती एकच जलमय गुहा ३४७ किलोमीटर लांबीची ठरली. आम्ही पोहणार होतो तो तिचा नखाएवढा तुकडासुद्धा नव्हता.

पाण्यात उतरायच्या आधी नवऱ्याच्या मिशीचा प्रश्न निघाला. पाण्याखाली बघायच्या मास्कची रबरी कड वरच्या ओठावर घट्ट बसावी लागते आणि मिशी असली की तिच्यातून पाणी झिरपतं. मलम लावून फट बुजवतात म्हणे. पण इथे अंगावरचं सनस्क्रीनसुद्धा शॉवरखाली धुऊन यायला लावतात, मलम कुठलं! लेकीने कात्री सुचवली. नवऱ्याने तो विषय तिथेच संपवला आणि पुढचा पाऊण तास दर दोन मिनिटांनी थांबून मास्कमधलं पाणी ओतत राहिला. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी फिरवायची, हे ऐकून आईचा चेहरा असा झाला की गाइडने निमूट तिचा मास्क स्वतःच विसळून दिला. कशाने, ते तिने विचारलं नाही.

काठावर उभं राहून गाइडने एक गोष्ट सांगितली. याच गुहांमधल्या होयो नेग्रो नावाच्या खोल खड्ड्यात २००७ साली पाणबुड्यांना एका मुलीचा सांगाडा सापडला. बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीची, वय पंधरा-सोळा. तेव्हा समुद्राची पातळी खाली होती, गुहा कोरड्या होत्या. अंधारात चालता चालता ती पडली असावी. शोधणाऱ्यांनी तिचं नाव ठेवलं नाया. माझी लेक पंधराची आहे. तिने काहीच मत दिलं नाही.

आणि मग सगळ्यांच्या तोंडात श्वास घ्यायच्या नळ्या गेल्या.

पाणी साधारण पंचवीस अंश, बारा महिने तेवढंच. आकडा वाचून कोमट वाटतं, मानेखाली गेल्यावर वाटत नाही. तोंड पाण्यात घातलं आणि पहिल्यांदा ऐकू आला तो माझाच श्वास, शेजारी कोणी घोरत असावं तसा. टॉर्चच्या उजेडात खाली चुनखडीचे सुळके. छतावरून लोंबणारेही, तळातून उभे राहिलेलेही, आणि सगळे पाण्यात बुडालेले. असे सुळके पाण्याखाली तयार होत नाहीत. त्यांना कोरडी गुहा आणि थेंब थेंब गळणारं छत लागतं. म्हणजे हे सगळं हिमयुगातलं, नाया चालत होती तेव्हाचं किंवा त्याही आधीचं. वर कुठल्याशा झाडाची मुळं छत फोडून खाली आली होती आणि दोरीच्या सुटलेल्या पिळांसारखी पाण्यात पसरली होती.

कोणी काही बोललं नाही. बोलताच येत नव्हतं. आमच्या लग्नानंतरची ही सर्वांत मोठी शांतता असावी. ‘सगळं ठीक’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं, एवढं शिकवलं होतं. मी आईकडे टॉर्च वळवला. तिने वर्तुळ केलं, पण गाइडने दाखवलं तसं नाही. आमटी फर्मास जमल्यावर हात किंचित पुढे झटकून ती जसं करते, तसं. तळ जिथे एकदम काळ्यात उतरत होता तिथे लेक पोहत पोहत माझ्या इतकी जवळ आली की तिच्या पायातलं फिन माझ्या नडगीला लागत राहिलं. मी बाजूला झाले नाही.

बाहेर आल्यावर नळ्या निघाल्या आणि तुंबलेलं सगळं एकदम वाहू लागलं. नवऱ्याने वटवाघळं पाहिली होती. मी नाही. आईने पांढुरका मासा पाहिला होता, बाकी कोणी नाही. पाचही जण एकाच गुहेत होतो की नाही अशी शंका यावी. तेवढ्यात गाइडने सेनोतेच्या भिंतीतल्या एका बिळाकडे बोट केलं : इथे तोह पक्षी घरटं करतो, निळसर हिरवा, शेपटीला टोकाशी दोन झुबके, आणि ती घड्याळाच्या लंबकासारखी हलवत बसतो.

‘‘तोच!’’ धाकटा ओरडला. ‘‘मी केव्हाचं सांगतोय! मी तारेवर अडकलो तेव्हा तो माझ्यासमोरच बसला होता!’’

चौघंही गप्प झालो आणि त्याच्याकडे पाहू लागलो. एवढी शांतता मिळाल्यावर तोच गोंधळला.

‘‘मग?’’ आई म्हणाली.

‘‘मग काही नाही. शेपटी हलवत होता.’’