वाकलं की ठणकणारं कपाळ

मी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. कापसाची धूळ दिवसभर नाकात. दर हिवाळ्यात, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, सर्दी धरायची. ती ओसरली तरी कपाळ आणि गाल जड राहायचे. गठ्ठा उचलायला वाकलं की भुवयांच्या वर ठणका. वरच्या दाढाही दुखायच्या, पण दातांच्या डॉक्टरांना दातांत काहीच सापडलं नाही.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने नाक तपासलं, सीटी स्कॅन काढला आणि फिल्म उजेडात धरून मला सगळं दाखवलं. गालाच्या हाडात एक पोकळी असते, तिलाच सायनस म्हणतात. तिचं तोंड तळाला नसतं, वरच्या अंगाला असतं. आतला शेंबूड बारीक केसांनी वर ढकलून बाहेर काढावा लागतो. सूज आली की ते तोंड बुजतं आणि सगळं आत साचतं. दाढांची मुळं त्याच पोकळीच्या तळाला टेकलेली असतात, म्हणून दाढदुखी. त्यांनी अँटिबायोटिक लगेच दिलं नाही. सर्दीतला सायनसचा त्रास बहुतेक वेळा विषाणूंचा असतो. दहा दिवसांवर गेला किंवा बरा होता होता पुन्हा उलटला तर बघू, म्हणाले.

मला खरा आराम दिला तो मिठाच्या पाण्याने नाक धुण्याने. पाव लिटर पाण्यात अर्ध्या चमच्याहून थोडं कमी मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. बेसिनवर वाकून, मान एका बाजूला कलती करून, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत पाणी सोडायचं, ते खालच्या नाकपुडीतून येतं. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणजे सगळं पिंपात साठवलेलं. ते तसंच नाकात घालायचं नाही. उकळून कोमट केलेलंच. न उकळलेल्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. विरळा प्रकार, पण जिवावर बेतणारा. सासूबाईंनी वाफेचा आग्रह धरला. वाफेने मला बरं वाटतं, पण घटकाभरच.

धुतल्यावर स्टेरॉइडचा स्प्रे. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक कानाच्या दिशेला, आणि जोरात ओढायचं नाही. गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर धीर धरावा लागतो. नाक चटकन मोकळं करणारे थेंब वेगळे; ते तीन-चार दिवसांच्या वर घातले तर नाक उलट जास्तच चोंदतं.

तरी अधूनमधून डोकं दुखायचंच. नाक मोकळं, पण अर्धं डोकं ठोके देतंय, मळमळतंय, उजेड सोसत नाही. डॉक्टरांनी मला प्रत्येक दुखणं वहीत लिहायला सांगितलं आणि वही बघून म्हणाले, हे मायग्रेन. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं मानणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांपैकी ८८ टक्क्यांची दुखणी मायग्रेनच्या लक्षणांत बसली होती. माझ्याकडे दोन्ही आहेत. घट्ट पिवळा शेंबूड, चोंदलेलं नाक, वास येईनासा झालेला असला तर मी नाक धुते. नुसते ठोके आणि मळमळ असली तर मायग्रेनची गोळी, तीही मोजून, कारण गोळ्या फार झाल्या की त्यांनीच डोकं दुखायला लागतं.

कारखान्यात आता मास्क लावते. शेजारच्या बायका विचारतात तेव्हा कृती सांगते आणि एक गोष्ट आवर्जून बजावते: डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसायला लागले किंवा तापात मान आखडली, तर घरी काही न करता थेट दवाखाना गाठायचा.