लाइफगार्ड म्हणाला, हा माणूस बुडतोय

पाण्यातली माणसं रंगवणं हेच आता माझं काम होऊन बसलंय, ऑर्डरी त्याच्याच येतात. लोकांना वाटतं सगळी करामत निळ्यात असते. निळा माझ्याकडे सगळ्यात शेवटी येतो. आधी कातडीचा रंग सोडवावा लागतो, कारण पाणी उजेडातला लाल आधी गिळतं, पाचेक मीटर खाली तो फारसा उरतच नाही, आणि उथळ पाण्यातही बुडालेला पाय न् वरचा खांदा एकाच मिश्रणातून काढला की पाय पाण्याबाहेर आलेला दिसतो. म्हणून बुडालेल्या भागाला खाली टेर व्हर्टचा, म्हणजे मातकट हिरव्या रंगाचा हात, तो वाळला की वर ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा पातळ थर. त्यात वरून बघताना पाण्याची खोली साधारण पाऊणच भासते, म्हणजे पाय आखूडच दिसायला हवेत, आणि हे ग्राहकाला पटवताना माझा जीव जातो. अंगावर हलणारी उजेडाची जाळी तर बहुतेक जण मच्छरदाणी पांघरल्यासारखी सरसकट पांढरी काढतात, ती मांडीच्या गोलाईवर वळते, कुठे जाड होते, कुठे विरते, हे बघायचे कष्टच कोणी घेत नाही. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीला १९६७ च्या 'अ बिगर स्प्लॅश' या चित्रातलं दोन सेकंदांचं उसळलेलं पाणी रंगवायला दोनेक आठवडे लागले होते, "अजून किती वेळ" विचारणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.

तर एका वयस्कर गृहस्थांचं चित्र होतं, आयुष्यभर पोहलेले. सकाळी पूल रिकामा असताना फोटो काढले, लेन्सला चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावून, पण पृष्ठभागावरची चमक सगळी काढली नाही, ती गेली की पाणीच जातं. एक फोटो असा मिळाला की मी खूश. खोल भागात ते उभे, मान मागे, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. मोठ्या कॅनव्हासवर तेच घेतलं. त्यांना तर फारच आवडलं.

त्या सकाळी ड्युटीवर असलेला लाइफगार्ड चित्र बघायला आला. बराच वेळ बघून म्हणाला, "मॅडम, हा माणूस बुडतोय."

मी हसले. तो बोट ठेवून दाखवायला लागला, अंग उभं, मान मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात आडवे पाणी दाबतायत, पाय मारत नाहीयेत. बुडणारा ओरडत नाही की हात हलवत नाही म्हणे, श्वासच पुरत नाही, २० ते ६० सेकंदांत गुपचूप खाली जातो. नंतर वाचलं तर फ्रँक पिया नावाच्या लाइफगार्डने अगदी हीच लक्षणं मांडून ठेवलीत.

"अहो पण तुम्ही तिथेच होतात, ते मजेत होते."

"होते ना. मी आधीचं बघितलं, नंतरचं बघितलं. चित्रात ते कुठंय?"

याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही. मी शांतपणा म्हणून जे जे जपून रंगवलं ते सगळं त्याच्या यादीत होतं. मग हट्टाने त्याला चित्रकार मिले यांची १८५१-५२ ची 'ओफेलिया' दाखवली, शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधली बुडून मरणारी, जिच्यासाठी मॉडेल एलिझाबेथ सिडलला टबात झोपवलं होतं आणि खालचे पाणी गरम ठेवणारे दिवे विझून ती आजारी पडली. ओफेलिया खरंच बुडतेय. हा म्हणतो, "ही तर आरामात तरंगतेय." समीक्षकांनी एवढं लिहिलंय त्या चित्रावर, त्यांच्यातल्या कोणी कधी लाइफगार्डला विचारलं असेल असं वाटत नाही.

गृहस्थांना सांगितलं तर ते खो खो हसले, हात लावायचा नाही म्हणाले. मुलगी मात्र हादरली, तिला बदल हवाच आहे. अवघड काहीच नाही, एक गुडघा वर घ्यायचा, पावलापाशी थोडा फेस, की माणूस पोहायला लागतो. पण मग ती मान उगाच मागे टाकलेली वाटते, स्केच करून बघितलंय मी. पैसे त्यांचे, सही माझी, आणि भिंत मुलीच्या घरची. तेलरंगाला व्हार्निश लावायला तसंही सहाएक महिने थांबायचं असतं, तोवर भांडू दे दोघांना.