गॅरेजला छतावरची एक्स्टेंशन रील बसवली, त्याचा माझा अनुभव

आमचं घर सहकारनगरला, बाबांनी ऐंशीच्या दशकात बांधलेला छोटा बंगला, आणि खालचं गॅरेज आता नावालाच गॅरेज आहे. अर्ध्या जागेत कार उभी असते, उरलेल्या अर्ध्यात माझं सुतारकामाचं टेबल आणि बाबांची चेतक. बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत, रोज सकाळी खाली येऊन चेतकवर काही ना काही करतात, कार्ब्युरेटर साफ कर, केबलला तेल दे, आणि मी शनिवार-रविवारी लाकूड कापत बसते. भिंतीवर पॉइंट एकच, तोही दरवाज्याजवळ, त्यामुळे एक्स्टेंशनची वायर कायम जमिनीवर आडवीतिडवी पडलेली. या वयात पायात वायर अडकून पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते आमच्या नात्यात आम्ही बघितलंय. म्हणून माझी अट एकच होती, वायर जमिनीवर नको, वरून आली पाहिजे आणि काम झालं की आपोआप वर गेली पाहिजे. शिवाय पावसाळ्यात कारच्या खाली पाणी साचतं आणि उंदीर तर बारा महिने असतातच, त्या दोन्ही कारणांनीही वायर वरच बरी.

तर छताला टांगायची स्प्रिंगवाली रील. शोधायला लागल्यावर पहिल्यांदा सगळीकडे अमेरिकन मालच दिसतो, आणि दिसायला फार छान असतो, पंधरा मीटर, तीन सॉकेट, लाइट लागलेला, वगैरे. पण तो १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट. त्याच्या सॉकेटला आपली थ्री पिन बसतच नाही, आणि अ‍ॅडॅप्टर लावून बसवली तरी त्याचा ब्रेकर आणि सॉकेट १२५ व्होल्टचेच राहतात, म्हणून तो विषय मी तिथेच सोडला. त्यांची केबल गेजमध्ये मोजतात, तेव्हा तुलना करायची असेल तर एवढं लक्षात ठेवा की १४ गेज म्हणजे साधारण २.१ स्क्वेअर एमएम आणि १६ गेज म्हणजे १.३, म्हणजे आकडा मोठा तशी वायर बारीक. युरोपातल्या रील २३० व्होल्टच्या असतात, पण बऱ्याच देशांच्या सॉकेटमध्ये अर्थिंग बाजूच्या क्लिपांमधून येतं, आपल्या तिसऱ्या जाड पिनेला तिथे जागाच नसते. कोणी म्हणेल दोन पिनांवर चालतं की, तर चालतं, पण लोखंडी बॉडीच्या मशीनला अर्थिंग नाही म्हणजे मला ते घरात नको.

मग मी माझ्या मशीनवरच्या पाट्या वाचायला बसले. ड्रिल ६०० वॅट, ग्राइंडर ८५०, लाकूड कापायची गोल करवत १४००, भुसा ओढायचा व्हॅक्यूम १२००, आणि गाडी धुवायचा प्रेशर वॉशर १८००. वॅटला २३० ने भागलं की अँपियर निघतात. करवत आणि व्हॅक्यूम एकदम लावले तर २६०० वॅट, म्हणजे ११ अँपियरच्या वर, आणि हे दोन्ही एकदमच लागतात कारण भुसा उडतानाच ओढला पाहिजे, नाहीतर बाबांना खोकला सुरू होतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. रीलमध्ये पंधरा मीटर केबल असेल आणि तुम्ही फक्त दोन मीटर खाली ओढली, तरी करंट पूर्ण पंधरा मीटरमधूनच फिरतो, जाऊन येऊन तीस मीटर तांबं. उरलेली तेरा मीटर केबल वर डब्यात घट्ट गुंडाळलेली असते आणि तिची उष्णता बाहेर पडायला वाटच नसते. मी हिशोब करून बघितला. १.५ स्क्वेअर एमएमच्या फ्लेक्सिबल तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १३ ओहम, ०.७५ वाल्या वायरचा बरोबर दुप्पट, २६. पंधरा मीटरच्या रीलवर करवत-व्हॅक्यूमचा ११.३ अँपियर लोड टाकला तर दीडच्या वायरमध्ये सुमारे ५० वॅट उष्णता तयार होते आणि पाऊणच्या वायरमध्ये सुमारे १०० वॅट. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवल्यासारखं झालं ते. साधं पीव्हीसी इन्सुलेशन ७० डिग्रीसाठी असतं, त्याच्या पुढे ते मऊ पडायला लागतं. शिवाय उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, लोड दुप्पट तर उष्णता चौपट. आणि केबल तीस मीटरची घेतली तर तीही दुप्पट. म्हणजे जास्त लांबीची रील घेतली की जास्त सोय असं जे वाटतं ते गॅरेजच्या बाबतीत उलटं आहे, जेवढी लांबी लागते तेवढीच घ्यायची आणि तांबं जाड घ्यायचं.

चांगल्या रीलवर म्हणूनच दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेली असताना किती वॅट आणि पूर्ण उलगडल्यावर किती. एकच आकडा छापलाय आणि तो ३५०० वगैरे आहे, तर तो उलगडलेल्याचा आहे असंच धरायचं.

इथे माझी अडचण अशी झाली की पूर्ण उलगडायची म्हणजे पंधरा मीटर वायर पुन्हा जमिनीवरच आली ना, मग रील कशाला! यावर मी बराच विचार केला, आमच्या वायरमन काकांशीही बोलले. ते म्हणाले, "अगं, जे मशीन जागचं हलत नाही त्याला वरून वायर कशाला पाहिजे? व्हॅक्यूमला टेबलाशेजारी पॉवर पॉइंट काढून देतो." आणि खरंच सगळं त्यातच होतं. व्हॅक्यूम कोपऱ्यातच उभा असतो, त्याचा फक्त पाइप फिरतो. तो भिंतीवर गेला की रीलवर उरलं ते हातात धरायचं सामान, ड्रिल, ग्राइंडर, बाबांचा हँडलॅम्प, आणि करवत, जी एका वेळी अर्धा-एक मिनिट चालते आणि मग मी पुढची फळी मापते. एवढ्याला लहान, चांगल्या वायरची रील पुरते. प्रेशर वॉशर बाहेर पोर्चमध्येच लागतो, तेव्हा गाडी काढलेली असते, बाबा वर असतात, तेव्हा केबल शेवटपर्यंत ओढून बाहेर नेता येते.

खरेदीला आधी तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतल्या या गल्लीत इलेक्ट्रिकचं काहीही मिळतं हे पुण्यात सांगायला नको, गाडी मात्र मंडईच्या पार्किंगला लावून चालतच जा. तिथे हाताने गुंडाळायचे ड्रम भरपूर दिसले, स्प्रिंगवाल्या रील थोड्या. एका दुकानात दाखवलेली रील हलकी लागली. मी केबलवरचं प्रिंट वाचायला लागले तर त्यावर साइजच नाही, आयएसआय मार्क नाही. दुकानदार म्हणाले, "मॅडम, कॉपरच आहे, बिनधास्त न्या." मी म्हटलं, दादा, प्लगचा टॉप उघडून दाखवता का जरा. त्यांनी उघडला, त्यांचं कौतुक, आणि एक तार ब्लेडने खरवडली तर वरून तांबूस आणि आत पांढरी. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अ‍ॅल्युमिनियममधून वीज तांब्याएवढी सहज जात नाही, आणि रीलमध्ये वायर सारखी वाकते-सरळ होते, तिथे अशा तारा लवकर तुटतात. खरवडून बघायला दुकानात लाजायचं काही कारण नाही, पैसे आपले आणि घरही आपलं.

नंतर भोसरीकडे गेले, एमआयडीसीतल्या वर्कशॉपना माल पुरवणाऱ्या एका दुकानात, आणि तिथे बोलण्याची भाषाच वेगळी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लोड किती आणि किती वेळ?" कारखान्यात असेंब्ली लाइनवर अशा रील दिवसभर वर-खाली होत असतात त्यामुळे त्यांना सगळं माहीत. त्यांनी एक उघडलेली रील दाखवली. भिंतीकडून येणारी वायर स्थिर असते आणि ड्रम तर फिरतो, मग वीज जाते कशी, तर मधे पितळी रिंगा असतात आणि त्यांच्यावर ब्रश टेकलेले असतात, त्यातून. स्वस्त रीलमध्ये हा कॉन्टॅक्ट कमजोर असतो आणि केबल चांगली असली तरी तिथे तापतं. म्हणून नवीन रील घरी आणली की केबल पूर्ण उलगडून वीस-पंचवीस मिनिटं लोडवर चालवायची, मग मशीन बंद करून प्लग काढायचा आणि मधल्या भागावर बाहेरून हात ठेवून बघायचा. कोमट ठीक, चटका लागला तर परत. तो डबा स्वतः कधीही उघडू नका, आतली स्प्रिंग ताणलेली असते, सुटली तर हात कापते.

मी घेतली ती १५ मीटर, तीन कोअर, १.५ स्क्वेअर एमएम, केबलवर आयएस ६९४ छापलेलं, म्हणजे पीव्हीसी वायरचं भारतीय मानक. स्टिकरवर गुंडाळलेली १००० वॅट, उलगडलेली ३०००, म्हणजे १४०० वॅटच्या करवतीला तेवढ्या वेळापुरती केबल पूर्ण ओढायची. मला खरं तर दहा-बारा मीटर पुरलं असतं पण त्या जाडीत तशी तयार नव्हती. टोकाला तीन सॉकेटवाली पण होती, मी मुद्दाम एकाच १६ अँपियरच्या सॉकेटची घेतली, तीन भोकं दिसली की माणूस तीन मशीन लावतोच. आणि तिच्यात थर्मल कटआउट आहे, म्हणजे आत जास्त तापलं की वीज आपोआप तोडणारा, लाल बटणवाला. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण भिंतीवरचा १६ अँपियरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, गुंडाळलेल्या केबलला वाचवत नाही. दहा-अकरा अँपियरला डब्यातली केबल तापत राहील आणि एमसीबीच्या हिशोबाने सगळं ठीकच चाललेलं असेल.

बसवण्याआधी काकांनी गॅरेजचा जुना पॉइंट उघडला तर तो लाइटच्या सर्किटवरचा, बारीक वायरचा, त्या काळी तिथे एक दिवा लागायचा एवढंच. त्यावर कितीही चांगली रील लावली असती तरी उपयोग नव्हता. मग मेन बोर्डपासून अडीच एमएमच्या दोन नवीन लाइन ओढल्या, एक रीलला आणि एक टेबलाजवळच्या पॉइंटला, दोघींना वेगळे एमसीबी आणि मिळून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा. अर्थिंग तपासलं, खड्ड्यातलं कनेक्शन गंजलं होतं ते नवीन केलं. या कामाचा खर्च रीलपेक्षा जास्त झाला, आणि मला विचाराल तर रीलचं बजेट ठरवताना हे आधी धरावं. आरसीसीबीचं टेस्ट बटण मी महिन्यातून एकदा दाबते, पाण्याजवळ वॉशर चालवतो म्हटल्यावर एवढं पाहिजेच.

टांगायची जागा ठरवायला आम्ही दोघं बापलेक खडू घेऊन उभे राहिलो. कारच्या बॉनेटवर सॉकेट लोंबायला नको, चेतक आणि टेबल दोन्हीकडे पोचलं पाहिजे, म्हणून मधोमध नाही तर टेबलाच्या बाजूला थोडी सरकवून. स्लॅबला अँकर फास्टनर मारले, रावळ प्लगवर, म्हणजे स्क्रूच्या प्लॅस्टिकच्या गट्टूवर, अशी वस्तू टांगू नका, वजनापेक्षा रोज बसणारे झटके जास्त असतात. ब्रॅकेट फिरणारा घेतलाय त्यामुळे ज्या दिशेला ओढाल तिकडे रील वळते. केबल किती वर जायची ते ठरवणारा तिच्यावरचा रबरी गोळा बाबांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर घट्ट केला, त्यांना हात फार वर न्यावा लागू नये म्हणून. परत सोडताना थोडी ओढायची, कट्‌ आवाज येऊन गेला की लॉक सुटतो, आणि मग केबल हातात धरून तिच्याबरोबर चालत जायचं, सोडून द्यायची नाही, नाहीतर सॉकेट फटकन वर जातं आणि वाटेत कोणाचं डोकं असेल ते सांगता येत नाही. बाबा आता हे इतकं सफाईने करतात की शेजारच्यांना बोलावून दाखवतात.

आता कोणी आलं की हमखास विचारतं, यावर इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होईल का? मी नको म्हणून सांगते. ड्रिल दोन मिनिटं चालतं, चार्जिंग तासन्‌तास चालतं, तेही रात्री, आपण झोपलेले असताना, आणि तेवढा वेळ ब्रश आणि गुंडाळलेली केबल सलग लोडवर राहणार. गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही एक्स्टेंशन वापरू नका असं लिहिलेलं असतं. त्यासाठी भिंतीवर वेगळा १६ अँपियरचा पॉइंट, वेगळा एमसीबी आणि तपासलेलं अर्थिंग. आमच्या काकांनी त्याची एक रिकामी पाइप आत्ताच टाकून ठेवलीये, गाडी येईल तेव्हा फक्त वायर ओढायची.